गाडी पडली नव्हती, मामा

दादूमामा, तू गेलास त्याचं मला दुःख झालंय हे आधी लिहून टाकते, कारण पुढे त्याला जागा मिळेल असं दिसत नाही. पुढे सगळा रागच आहे.

काल तुझं तेरावं झालं. मामीने वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं तुझ्या आवडीचं केलं होतं. मी सात वडे खाल्ले. रागात मला भूक लागते हे तुला ठाऊकच आहे. दुःखात लागते की नाही हे तपासायला वेळच मिळाला नाही, कारण चौथ्या वड्याला घाटकोपरहून हमीदभाई आले, आणि त्यांनी मला जे सांगितलं त्यानंतरचे तीन वडे मी निव्वळ तुझ्यावरच्या संतापाने खाल्ले. काय सांगितलं ते लिहिते. पण क्रमाने. या सुशीला गोष्ट क्रमाने सांगता येत नाही, ही तुझी जुनी तक्रार होती ना, मग ऐक आता क्रमाने.

हॉस्पिटलात मी तुला शेवटची भेटले तेव्हा तू काय म्हणालास, आठवतंय? नाकात नळी, हाताला सुई, आणि मला दारात बघून म्हणालास, "तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

दहिसरहून कांदिवली. मधे फक्त बोरिवली. हे लांब? आणि तुम्ही?

मी स्टुलावर बसले. तू छताकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "मामीला सांगा, फियाटच्या बॅटरीची वायर काढून ठेवायला. उगाच उतरेल." मला म्हणालास ते हे शेवटचं वाक्य. 'सांग गो' नाही, 'सांगा'. चोपन्न वर्षांच्या भाचीला, जिला तू खांद्यावर बसवून गणपती दाखवलेस, तिला मरता मरता आदरार्थी बहुवचन! मी रिक्षात बसून रडले ते तुझ्या हृदयासाठी नव्हे, त्या 'गा'साठी रडले. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "कोई सीरियस है क्या मॅडम?" म्हटलं, हो, एक माणूस फारच सीरियस आहे, दोन वर्षं झाली.

दोन वर्षं, मामा. आपल्या घरात माणसं भांडतात तेव्हा आवाज होतो. भांडी आपटतात, एकमेकांच्या सासरचा उद्धार होतो, आणि रविवारी माशाच्या कालवणावर मिटतं. तू एकटाच असा निघालास की ज्याने भांडायचं म्हणून भाषा बदलली. आधी मी दारात दिसले की, "इलंस गो? बस. मासे खातलंस मा?" आणि त्या लग्नानंतर, "या. बसा. आपण चहा घेणार का?" आपण! मी मागे वळून बघितलं, माझ्याबरोबर कोणी सोसायटीचे चेअरमन आलेत की काय. मालवणी तू फक्त आपल्या माणसांसाठी ठेवली होतीस, आणि मला बँकेतल्या काउंटरवर उभं केलंस. मामीला मी रडत सांगितलं तर ती उलट हसली. "माझ्याशी लगीन करून पन्नास वर्सां झाली, माका एकदा तरी तुम्ही म्हणालो काय? तुझो मान बघ."

मान!

तर ते लग्न. माझ्या भावाच्या, नंदूच्या मुलीचं, बोरिवलीच्या हॉलमध्ये. आदल्या दिवशी सकाळी चुडा भरायचा कार्यक्रम होता. बांगड्यांचा कासार मांडी घालून बसला होता, नवरीचे हात भरून झाले, मग आम्हां सगळ्या बायकांचे. हिरव्या काचेची ती किणकिण, आणि माझ्याभोवती पंचवीस-तीस बायका रिकाम्या बसलेल्या. एवढे कान एका जागी दिसले की मला राहवत नाही. आपल्या खानदानात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे, पगार नसलेलं. मी म्हटलं, "बायांनो, बांगड्या भरायचं कौतुक तुम्ही सांगू नका. या घरात सगळ्यात जास्त बांगड्या भरल्या असतील त्या आमच्या दादूमामाने!"

तू दाराशी खुर्चीवर बसला होतास, पेपर घेऊन.

आणि मी सांगितली. तू अंधेरीच्या स्टुडिओंतून सिनेमासाठी गाड्या चालवायचास, हे सगळ्यांना माहीत होतं. पण अंगाने बारीक, उंचीने बेताचा, म्हणून हिरोच्या जागी तुला कधी बसवलंच नाही, कायम हिरॉईनच्या जागी, हे थोड्यांनाच ठाऊक. हिरॉईन गाडी पळवतेय, मागे व्हिलनची काळी गाडी, आणि जवळून दाखवतात तेवढंच तिचं तोंड. लांबून दिसतो तो आमचा मामा! डोक्यावर केसांचा टोप, अंगात साडी, हात कोपरापर्यंत भादरलेले, मनगटात बांगड्या. मी तुझं ते स्टेअरिंग फिरवणं करून दाखवलं, पदर सावरणं करून दाखवलं. बायका लोळत होत्या. कासाराच्या हातातली बांगडी फुटली. मग मला जोर चढला. नाल्यावरून गाडी उडवायची ती गोष्ट घेतली, आणि शेवटाला म्हटलं, "मामाने गाडी भरधाव सोडली हो, आणि ऐन उडीच्या तिरक्या फळीवर टोप आला डोळ्यांवर, पदर अडकला गिअरमध्ये, आणि हिरॉईनबाई गाडीसकट नाल्यात! धप्प!"

कासार डोळे पुसत तुझ्याकडे वळला. "मामा, या की. तुमचंही माप घेतो."

तू पेपराची घडी घातलीस. चौकोनी, नीट. आणि निघून गेलास. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकायला आलास, लांब उभा राहिलास, जेवून गेलास. मी जवळ आले तर म्हणालास, "जेवलात का तुम्ही?"

मला वाटलं, कळलं मला. चारचौघांत, बायकांत, पुरुषाच्या बांगड्यांचा विषय काढला. आपल्याकडे भित्र्या माणसाला काय विचारतात? हातात बांगड्या भरल्यात का? आणि मी तर तुला त्या भरूनच दाखवल्या. मग मी माफी मागायला लागले. पहिल्यांदा पेढे घेऊन. "मामा, बांगड्यांचं बोलले ते चुकलं माझं." तू म्हणालास, "पेढे चांगले आहेत." नारळीपौर्णिमेला परत, "मामा, बांगड्यांवरून राग धरू नकोस रे." तू म्हणालास, "तुम्हांला काहीच कळलेलं नाही," आणि आत जाऊन फॅन बंद केलास. माझ्या डोक्यावरचा. त्यानंतर फोनवर, मामीकरवी, एकदा चिठ्ठीवरसुद्धा. दरवेळी बांगड्या, बांगड्या, बांगड्या. आणि दरवेळी तू आणखी कोरडा. मला वाटायचं, केवढा हा पुरुषी अहंकार! मनातल्या मनात मी तुझ्यावर भाषणं रचली. बाईच्या कपड्यांची एवढी लाज कसली, आमच्या हातांत असतात त्या बांगड्या काय बेड्या आहेत, वगैरे. फार चांगली भाषणं होती, आता फुकट गेली.

कारण खरं तर मला माहीत असायला हवं होतं. चारकोपला सेक्टरांमध्ये अर्ध्या इमारतीच उभ्या होत्या तेव्हा तू मला त्या रिकाम्या रस्त्यांवर गाडी शिकवलीस. ती तुझी दुधी रंगाची फियाट, गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच लागलेला, दार लावताना कपाटासारखा आवाज. "क्लच हळू सोड गो. कोंबड्याची मान न्हय ती, पिरगाळूक." मी तीनदा परीक्षेत नापास झाले, तिसऱ्यांदा तर इन्स्पेक्टर उतरून चालत गेला. बाबा म्हणाले, बस झालं, बायकांना कशाला हवीय गाडी? आणि तू, जो भावोजींसमोर कधी तोंड उघडायचा नाहीस, तू म्हणालास, "भावजीनु, मी बाई होऊन चालवलंय. तां तर बाईच आसा, चालवतलाच."

हे वाक्य मी आजवर कितीजणांना ऐकवलं असेल! लाजणारा माणूस असं बोलतो का? पण मला ते वाक्य विनोदी वाटायचं, म्हणून मी त्यातलं खरं ऐकलंच नाही.

आणि तो लिंक रोडवरचा रिक्षावाला. तू तर रस्त्यावर तीसच्या वर जायचा नाहीस. पडद्यावर गाड्या उडवणारा माणूस पिवळ्या सिग्नलला थांबायचा आणि मागच्यांची तोंडं सुटायची. त्या दिवशी एकाने बाजूला रिक्षा आणून ओरडून विचारलं, "ओ चाचा! चूडियाँ पहनी हैं क्या?" मी शरमेने सीटखाली गेले. तू काच खाली करून अगदी शांतपणे सांगितलंस, "पहले पहनता था. अभी रिटायर हो गया." सिग्नल सुटला तरी रिक्षावाला तिथेच. तू घरापर्यंत गालातल्या गालात हसत होतास.

लाज मलाच वाटत होती, मामा. सीटखाली मी गेले होते.

तर काल, चौथा वडा. हमीदभाई जिना चढून आले तेव्हा त्यांचे गुडघे आधी ऐकू आले. तुझ्या उड्यांसाठी फळ्या ठोकणारा माणूस. किती कोन, किती लांबी, सगळा हिशोब तोंडी. मामीशी बोलले, फोटोला हात जोडले, माझ्याशेजारी पान मांडून घेतलं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला असं न्याहाळून बघितलं की मला वाटलं मीच फळी आहे आणि माझ्यात गाठ निघालीय.

"अच्छा. तो तू ही है वो सुशी. गाडी गिराने वाली."

"मी कुठे गाडी पाडली?"

"शादी में बोली ना तू? नाले में गाडी गया बोली. बेटा, दादू का गाडी कभी गिरा नहीं. एक दफा नहीं. वो मेरे पास आके बैठा, दो घंटा बैठा. बोला, हमीद, बच्ची बोलती है मेरी गाडी गिरी. सबके सामने बोली. और माफी मांगती है तो बांगड्यांची! बांगड्यांचं मला काय रे? बांगड्या तर मी मागून घेतल्या होत्या."

मी वडा खाली ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. प्लास्टिकच्या देत होते तुला, फुटत नाहीत म्हणून. तू नको म्हणालास. प्लास्टिक उन्हात चमकत नाही, लांबूनही ओळखू येतं, काचेच्याच द्या. मनगटाला आधी चिकटपट्टी गुंडाळायचास आणि त्यावर चुडा चढवायचास. आणि ती नाल्याची उडी. ती गाडी निर्मात्याची घरची, नवी कोरी फियाट. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीत बसून हिरॉईन गाणं म्हणणार होती. म्हणजे उडी मारायची आणि गाडी जशीच्या तशी परतही द्यायची. बाकीचे दोघे ड्रायव्हर नाही म्हणून निघून गेले. फियाटचं इंजिन पुढे, त्यामुळे हवेत गेली की ती नाक खाली करते. म्हणून तू डिकीत वाळूची पोती भरलीस, एक एक पोतं कमीजास्त करत दुपारपर्यंत. मग दुसऱ्या गिअरमध्येच गाडी सोडलीस, फळीवर अजिबात पाय न हलवता. गाडी नाल्यापलीकडे चारही चाकांवर उतरली. खालचा पत्रा चेपला, वर ओरखडा नाही. आणि तू ती तशीच वळवून, साडीत, टोपात, परत आणून पहिल्या जागी उभी केलीस, उतरलास, आणि किल्ली निर्मात्याच्या हातात दिलीस.

"ताली बजी थी," हमीदभाई म्हणाले. "लाइटवाले तक. पर्दे पे नाम नहीं आया, मगर ताली बजी थी."

आता मला सांग, मामा. ही गोष्ट तू मला का नाही सांगितलीस?

मी तुला पन्नास वेळा विचारलं असेल, उडीचं सांग ना, उडीचं सांग. तू म्हणायचास, "काय सांगायचां त्यात? गेली पलीकडे." गेली पलीकडे! एवढ्यावर मी गोष्ट कशी सांगू? एवढ्यावर कोणी पान तरी खातं का? तू शेवट दिला नाहीस म्हणून मी माझ्या पदरचा लावला. पडणं हसवतं, म्हणून पाडली. मी चुकले, मान्य. खोटं बोलले, तेही मान्य. पण तू काय केलंस? मी दोन वर्षं भलत्याच गुन्ह्याची माफी मागत होते, आणि तू मागू दिलीस. पेढे खाल्लेस! एकदा, फक्त एकदा म्हणायचंस, "सुशी मेले, गाडी पडली नव्हती." पाच शब्द. मी तिथल्या तिथे कान पकडले असते. पण नाही. तुला वाटायचं, ज्या भाचीला मी स्वतः गाडी शिकवली तिला हे आपोआप कळायला हवं. का कळायला हवं? मी तीनदा नापास झालेली बाई आहे!

आणि हमीदभाईंना सांगितलंस. दोन तास बसून. घाटकोपरला जाऊन. मी दहिसरला होते रे, दोन स्टेशनांवर.

मला दिसतोस तू त्या डिकीजवळ, साडी खोचून, एक पोतं काढून बघतोयस, परत ठेवतोयस. आयुष्यभर तू तसाच वागलास. मामीच्या ऑपरेशनच्या वेळी, बाबा गेले तेव्हा, माझ्या पोराला नोकरी नव्हती त्या वर्षी. गाजावाजा न करता कुठेतरी मागे वजन ठेवून द्यायचास, आणि आमचं नाक जमिनीवर आपटायचं नाही. आम्हांला वाटायचं आपण आपले नीटच उतरलो. त्यातलं काहीही मी बोलून दाखवलं नाही. बोलणार होते. पण आभार मानायला समोर कोणीतरी 'तू' असावा लागतो ना. 'आपले आभारी आहोत' असं मी मामाला म्हणू?

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला होता. पुन्हा चढला तो दुपारी.

दुपारी मी फोन घेऊन बसले. म्हटलं, जिथे सांडलं तिथेच पुसायचं. त्या हॉलमध्ये होत्या त्या एकेकीला लावला. सांगत गेले: ते मी चुकीचं सांगितलं होतं, गाडी पडली नव्हती, मामाने ती चार चाकांवर उतरवली. चुलत जाऊ म्हणाली, "कुठली गाडी गं?" मुलुंडची मावशी म्हणाली, "मला बाई त्याचं पदर घेणंच आठवतं." नवरी, म्हणजे नंदूची मुलगी, म्हणाली, "आत्या, मी त्या दिवशी काय ऐकत होते? माझे हात दुखत होते." अकरा फोन झाले, मामा. अकराजणींपैकी एकीलाही गाडी पडलेली आठवत नव्हती. ज्या पडण्यावरून तू मला दोन वर्षं परकी केलीस ते पडणं माझ्या आणि तुझ्याशिवाय कोणी ऐकलंच नव्हतं. सगळ्यांच्या लक्षात राहिल्या त्या बांगड्या, आणि त्यांचं तर तुला काहीच नव्हतं. कोणावर रागावू मी आता? फोटो भिंतीवर, हार घातलेला. फोटोवर रागावलं तर मामीला वाईट वाटतं.

तरी मी सगळ्यांना पूर्ण गोष्ट ऐकवली. पोती, दुसरा गिअर, पत्रा, किल्ली. एकही विनोद न घालता. मला किती जड गेलं ते तुला कळायचं नाही. मुलुंडची मावशी मधेच म्हणाली, "मग पुढे गंमत काय झाली?" म्हटलं, पुढे काही नाही. गाडी उतरली. एवढंच. तिने विचारलं, "सुशी, तुझी तब्येत बरी आहे ना?"

शेवटचा फोन नंदूला. माझा सख्खा धाकटा भाऊ, ज्याला मी पाठीवर घेऊन शाळेत पोचवलं. त्याला सगळी गोष्ट आठवली, अगदी 'धप्प'पर्यंत. मला बरं वाटलं, एक तरी माणूस निघाला! मी त्याला खरं काय झालं ते सांगितलं. तो ऐकत होता, हं, हं करत. मग म्हणाला, "ते ठीक आहे गं ताई. पण पडली तेच बरं होतं यार. लय झकास सांगितलं होतंस. पुढच्या लग्नात तेच सांग. मामा काय आता ऐकायला येतोय?"

माझ्या तोंडून शिवी येणार होती. चांगली, आपल्या गावची. पण ती आलीच नाही. आवाज एकदम शांत झाला माझा, इतका की मलाच भीती वाटली.

"नंदकुमार," मी म्हटलं, "आपण जेवलात का?"

"काय?"

"नसाल जेवलात तर जेवून घ्या. मी ठेवते."

"ताई? ए ताई, अगं काय झालं? काय बोललो मी?"

मी सांगितलं नाही.